दोन बाटल्या चढवा!

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या पट्ट्यात दवाखान्याची पायरी चढलेला पेशंट आजार सांगायच्या आधी उपाय सांगतो. "डॉक्टर, लई अशक्तपणा आलाय, दोन बाटल्या चढवा की." बाटली म्हणजे सलाइन. ऊसतोडीचा हंगाम संपला की बाटली, सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा करून आलं की बाटली, सुनेला चक्कर आली की बाटली. बाटलीत जीवनसत्त्वांचं इंजेक्शन सोडलं की पाणी पिवळंधमक होतं, आणि पांढऱ्या पाण्यापेक्षा पिवळ्या पाण्यात ताकद जास्त, यावर सीमेच्या दोन्ही बाजूंना एकमत आहे. सीमाप्रश्नावर नसेल, पण यावर आहे.

खरं तर या बाटलीत फार काही नसतं. साध्या सलाइनच्या 1 लिटरमध्ये 9 ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. 5 टक्क्यांच्या डेक्स्ट्रोजच्या 1 लिटरमध्ये 50 ग्रॅम साखर असते, आणि ती या ऊसपट्ट्यात गाड्यावरच्या दीड ग्लास रसातून मिळते, तीही सुई टोचून न घेता. लोकविज्ञान संघटनेसारख्या चळवळींनी वर्षानुवर्षं हेच सांगितलं. अनावश्यक इंजेक्शनं आणि सलाइन यांच्याविरुद्ध पत्रकं काढली, सभा घेतल्या. पण खाटेवर आडवं होऊन थेंब मोजण्यात जो दिलासा आहे, तो पत्रकात नाही.

या श्रद्धेची गंमत अशी की एका आजारात ती खरी ठरली. त्या आजारात डॉक्टरांनी शंभर वर्षं नाना औषधं वापरून पाहिली. गुरांच्या फुप्फुसातून काढलेलं, साखर कारखान्याच्या बुळबुळीतून निघालेलं, तिबेटच्या पठारावरच्या मुळीतलं, अगदी प्रयोगशाळेत अणू-अणू जोडून घडवलेलंसुद्धा. सगळी मागे पडली आणि पुढे उरली ती खारट पाण्याचीच बाटली. आजाराचं नाव स्वादुपिंडाचा तीव्र दाह. डॉक्टर त्याला अक्यूट पँक्रियाटायटिस म्हणतात.

दुखणं बहुधा वरच्या पोटात सुरू होतं आणि आरपार पाठीत जातं. माणूस उताणा झोपू शकत नाही, पुढे वाकून गुडघे पोटाशी घेऊन बसतो. उलट्या थांबत नाहीत. पित्ताशयातला खडा सरकून नळीच्या तोंडाशी अडकणं आणि दारू ही दोन मोठी कारणं. रक्तातली चरबी बेसुमार वाढणं हे तिसरं. घरच्यांना ते आधी गॅस वाटतं, मग पित्त, मग हार्ट अटॅक. पाचातल्या चार जणांचा दाह आठवड्याभरात आपोआप उतरतो. पाचव्याचं मात्र खरं नसतं.

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे आडवी पडलेली, वीतभर लांबीची ग्रंथी. अन्नातली प्रथिनं पचवणारा रस ती बनवते. हा रस आतड्यात पोचल्यावर जागा व्हायचा, तो ग्रंथीतच जागा झाला तर ती स्वतःलाच पचवायला लागते. पण निम्मीच गोष्ट इथे संपते. उरलेली निम्मी रक्तप्रवाहाची आहे. दाहामुळे बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातलं पाणी पोटाच्या मागच्या पोकळीत साचतं, उरलेलं रक्त घट्ट होतं, केशवाहिन्या आकसतात, त्यांत गुठळ्या धरतात. ग्रंथीच्या प्रत्येक छोट्या खंडाला रक्त पुरवणारी वाहिनी एकटी असते, शेजारच्या वाहिनीशी तिचा सांधा नसतो. घटप्रभेच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको: कालव्याला पाणी कमी पडलं की पहिलं वाळतं ते टेलचं शेत. स्वादुपिंडातलं प्रत्येक शेत टेललाच आहे. पाणी तुटलं की तेवढा तुकडा मरतो, आणि मेलेल्या तुकड्यात पुढे जंतू शिरले की माणूसही जातो.

किती पाणी तुटतं, याचा अंदाज न्यूयॉर्कचे सर्जन जॉन रॅन्सन यांनी 1974 साली दिला. आजार जीवघेणा होणार का हे ओळखण्यासाठी त्यांनी 11 खुणा काढल्या. त्यांतली एक अशी की, पहिल्या 48 तासांत रुग्णाच्या शरीरात 6 लिटरपेक्षा जास्त द्रव रक्ताबाहेर अडकून पडणं. माणसाच्या अंगात रक्तच मुळी 5 लिटरच्या आसपास असतं. म्हणजे रक्तस्राव दिसत नाही, जखम दिसत नाही, आणि माणूस आतल्या आत कोरडा पडतो.

असा माणूस शंभर वर्षांपूर्वी निपाणीत काय करत असेल? आधी ओवा, हिंग, गरम पाणी. मग बिब्बा. मग एखादा जाणता तापलेल्या सळईने पोटावर डाग द्यायचा. या भागातल्या म्हाताऱ्या पोटांवर त्या डागांच्या खुणा अलीकडेपर्यंत दिसत. यांपैकी कशानेही स्वादुपिंडाचं काही बिघडतही नव्हतं आणि सुधारतही नव्हतं. पाचातले चार जण तसेही बरे होत, त्याचं श्रेय बिब्ब्याला मिळे. ही श्रेयाची भानगड नीट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे मोठमोठ्या कंपन्यांची औषधंही याच भांडवलावर चालली.

डागाने भागलं नाही तर मिरज. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस 1889 साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीत आले, पुढे मिरजेला गेले. 1894 मध्ये तिथलं हॉस्पिटल उघडलं आणि 1897 मध्ये त्याला जोडून वैद्यकीय शाळा. मिरज हे रेल्वेचं जंक्शन. बेळगावचा पेशंट सदर्न मराठा रेल्वेत बसून सरळ तिथे उतरू शकत होता, कोल्हापूरचाही. मोतीबिंदू, मुतखडा आणि पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी लांबलांबची माणसं येत, आणि 'मिरजेला न्या' हा सल्ला दक्षिण महाराष्ट्रात शेवटच्या उपायासाठी रूढ झाला. निपाणीची पंचाईत वेगळी होती. पुणे-बेंगळूर रस्ता गावातून गेला, रेल्वे मात्र नाही, आजही नाही. तिथल्या माणसाला आधी गाडी जुंपून 40 किलोमीटरवरचं कोल्हापूर गाठावं लागे. तिथे संस्थानाचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं, ते आजचं सीपीआर रुग्णालय. उलट दिशेला गेलं तर बेळगाव 75 किलोमीटर.

आणि पोचून तरी काय? वानलेस भारतात उतरले त्याच 1889 साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या आजाराचं पहिलं पद्धतशीर वर्णन छापलं. त्याआधी तो बहुतेक वेळा शवविच्छेदनाच्या टेबलावरच कळायचा. त्यानंतरही पुष्कळ वर्षं सर्जन पोट उघडून बघत आणि सुजलेली, काळवंडलेली ग्रंथी पाहून पुन्हा शिवून टाकत. सेंट लुईच्या रॉबर्ट एल्मन यांनी 1929 मध्ये रक्तातल्या अमायलेजच्या तपासणीवरून निदान करता येतं हे दाखवलं, तेव्हा कुठे पोट न फाडता आजार ओळखू येऊ लागला. उपचार मात्र वेदनेसाठी मॉर्फिन आणि तोंडाने काही न देणं, एवढाच होता.

रक्तप्रवाहाचं कोडं त्याहून जुनं. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ पीटर पानुम यांनी 1862 मध्ये कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या धमनीत मेणाचे बारीक कण सोडले. रक्त अडलं आणि ग्रंथीत रक्ताळलेला दाह झाला. बाहेरचं कसलंही विष न घालता, नुसता पुरवठा तोडून आजार तयार करता येतो, हे त्यातून दिसलं. पण 1896 मध्ये प्रागच्या हान्स कियारी यांनी ग्रंथी स्वतःला पचवते ही कल्पना मांडली, आणि 1901 मध्ये यूजीन ओपी यांनी खड्याने नळी बंद झाल्याचा पुरावा दिला. मग सगळ्यांचं लक्ष पाचकरसाकडे गेलं. रस थांबवा, आजार थांबेल, असं गणित बसलं. पानुमचं मेण जवळजवळ अडगळीत पडलं.

ट्रॅसिलॉल हे त्या गणितातलं सर्वांत गाजलेलं औषध. गुरांच्या अवयवांतून काढलेला हा पदार्थ जर्मनीत 1930 मध्ये सापडला, आणि बायर कंपनीने तो 1959 मध्ये बाजारात आणला. तो पाचकरसाला लगाम घालतोच, शिवाय रक्तवाहिन्या झिरपायला लावणारी एक साखळीही तोडतो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. ब्रिटनमधल्या एका चाचणीत 1974 साली मृत्यू कमी झालेले दिसले आणि हुरूप वाढला. मग ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अनेक इस्पितळांत मिळून मोठी चाचणी घेतली. 1977 मध्ये निकाल आला: औषध दिलं काय, न दिलं काय, मरणारे तेवढेच. बिब्ब्याला मिळालेलं श्रेय आणि ट्रॅसिलॉलला मिळालेलं श्रेय यांत फरक फक्त किमतीचा होता, असं म्हटलं तर ते फार कडवट होईल. पण खोटं होणार नाही.

पाचकरसाचा रस्ता बंद झाल्यावर वैद्यक पुन्हा पानुमच्या मेणाकडे वळलं. वाहिन्या मोकळ्या करा, रक्त पातळ करा, टेलपर्यंत पाणी पोचवा. इथून पुढच्या औषधांची यादी मोठी आहे, आणि त्यांतली काही सीमाभागाच्या अगदी घरातली आहेत.

डेक्स्ट्रान घ्या. संकेश्वरचा हिरण्यकेशी कारखाना असो वा निपाणीचा हालसिद्धनाथ, तोडलेला ऊस दोन-तीन दिवस गाडीवर वाळत पडला की केमिस्टच्या कपाळाला आठ्या पडतात. शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक जातीचे जीवाणू साखर खातात आणि तिचा बुळबुळीत लगदा करतात. रस दाटतो, गाळण अडते, दाणा नीट बसत नाही. हा लगदा म्हणजेच डेक्स्ट्रान. स्वीडनमधल्या बीट-साखरेच्या कारखान्यांनाही हाच त्रास होता. त्याचा शोध घेताना 1940च्या दशकात उप्सालाच्या ग्रोनवाल आणि इंगेलमन यांच्या लक्षात आलं की हा पदार्थ शुद्ध करून शिरेत दिला तर तो रक्तातलं पाणी धरून ठेवतो. युद्धानंतर तो रक्ताऐवजी वापरला जाऊ लागला. त्याचे हलके प्रकार लाल पेशींना एकमेकींना चिकटू देत नाहीत. जर्मनीत एर्न्स्ट क्लार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर रक्त पातळ करण्याचे प्रयोग केले आणि प्राण्यांच्या स्वादुपिंडात रक्त पुन्हा खेळताना पाहिलं. कारखान्याचं नुकसान करणारा पदार्थ रोग्याच्या कामी यावा, हा योग मोठा सुरेख होता. माणसांत तो टिकला नाही. अ‍ॅलर्जीचे झटके, मूत्रपिंडावर ताण आणि ठोस मोठ्या चाचणीचा अभाव, यांमुळे डेक्स्ट्रान पाठ्यपुस्तकाच्या तळटिपेत गेलं.

हेपरिन त्याहून परिचित. बाल्टिमोरला शिकत असलेल्या जे मॅक्लीन नावाच्या विद्यार्थ्याच्या हाती ते 1916 मध्ये लागलं. रक्त गोठू न देणारं औषध म्हणून ते आज प्रत्येक आयसीयूत असतं. स्वादुपिंडाच्या केशवाहिन्यांत गुठळ्या होतात तर हेपरिन द्या, हा तर्क सरळ आहे आणि चीनमधल्या काही चाचण्यांत त्याचा फायदाही दिसला. पण सुजलेली ग्रंथी अधूनमधून आतून रक्तस्रावही करते, आणि तिथे रक्त पातळ करणं अंगाशी येऊ शकतं. नेहमीचा उपचार म्हणून त्याला जागा मिळाली नाही.

चीननेच आणखी एक औषध पुढे आणलं, अ‍ॅनिसोडामिन. छिंगहाय आणि तिबेटच्या पठारावर वाढणाऱ्या अ‍ॅनिसोडस नावाच्या झुडपातून ते 1965 मध्ये वेगळं केलं गेलं. आकसलेल्या केशवाहिन्या सैल करणं हे त्याचं काम. सेप्टिक शॉकमध्ये आणि स्वादुपिंडाच्या दाहात तिथले डॉक्टर ते वापरत आले. हे झुडूप धोत्र्याच्या कुळातलं. त्याच कुळात वांगं येतं, मिरची येते आणि तंबाखूही येते.

तंबाखू म्हटलं की निपाणी. इथली तंबाखू मुख्यतः बिडीची. शेतात खुडलेलं, वाळवलेलं पान वखारीत यायचं, तिथे बायका ते कुटायच्या, चाळायच्या, प्रतवारी लावायच्या. धूळ इतकी की वखारीजवळून जाणाऱ्या अनोळखी माणसाला हटकून ठसका लागे. डॉक्टरकीची पदवी घेऊन पत्रकारितेत गेलेल्या अनिल अवचटांनी या बायकांवर लिहिलं, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला निपाणीचा तो नाकातोंडात जाणारा चेहरा कळला. 1979 साली केंद्राने कच्च्या तंबाखूवरचा अबकारी कर उठवला. शेतकऱ्याला वाटलं, आता भाव मिळेल. भाव व्यापाऱ्यांच्याच हाती राहिला. मार्च 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बेंगळूर महामार्गावर येऊन बसले, रस्त्यावरच चुली पेटल्या, त्या मुक्कामाला लोकांनी आंदोलननगर म्हटलं. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मेले. मराठी आणि कन्नड बोलणारे शेतकरी तिथे एका मागणीसाठी बसले होते, हे या भागाचा इतिहास सांगताना पुष्कळदा वगळलं जातं.

निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. धूर आणि दारू एकत्र झाली की उंदरांच्या स्वादुपिंडातला रक्तप्रवाह आणखी घटतो, असा प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. पुढच्या काळात हजारो माणसांच्या दीर्घ पाहण्यांनी दाखवलं की दारू वजा केली तरी धूम्रपान स्वतःच्या बळावर या दाहाचा धोका वाढवतं. तेव्हा एकाच कुळातल्या दोन वनस्पतींपैकी एक वाहिन्या सैल करायला चीनच्या इस्पितळांत गेली आणि दुसरी त्या आवळायला निपाणीच्या वखारींतून देशभर गेली. दुसरीचा गुण सिद्ध व्हायला कुठल्या चाचणीची गरज पडली नाही. पहिलीचा मात्र मोठ्या, कडक चाचण्यांत अजून सिद्ध व्हायचा आहे, आणि चीनबाहेर ती फारशी गेलीच नाही.

आता बेळगाव. औषध खरंच चालतं की नाही हे ठरवायची रीत या जिल्ह्याने एका वेगळ्याच आजारात शिकली, आणि ती कहाणी सीमाभागातच कमी माहीत आहे.

तसं औषधाशी शहराचं नातं जुनं. टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं मैदान सगळ्या बेळगावला ठाऊक आहे. सभा, प्रदर्शनं, सकाळचं फिरणं तिथेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यासाठी देवीची लस तिथे बनत असे, हे फिरणाऱ्यांपैकी किती जणांना आठवतं कोण जाणे. 1916 मध्ये सात शिक्षकांनी केएलई संस्था काढली. 1956 मध्ये राज्यं बदलली आणि जिल्हा मुंबईकडून म्हैसूरकडे गेला. 1963 मध्ये केएलईचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज सुरू झालं.

या कॉलेजने पुढे जे औषध तपासलं, त्याचं मूळ स्वादुपिंडाच्या यादीतच आहे. प्रोस्टाग्लँडिन ई-1 हा शरीरातच बनणारा पदार्थ आहे. तो रक्तवाहिन्या रुंद करतो आणि रक्तकणिकांना गोळा होऊ देत नाही, म्हणून स्वादुपिंडाच्या दाहातही तो शिरेतून देऊन पाहिला गेला. त्याचा कारखान्यात घडवलेला जवळचा भाऊबंद म्हणजे मिसोप्रोस्टॉल. हा भाऊ गर्भाशय आवळतो. बाळंतपणानंतर गर्भाशय सैल राहिलं की बाई रक्तस्रावाने काही तासांत जाऊ शकते. त्यावरचं नेहमीचं ऑक्सिटोसिन थंड ठेवावं लागतं आणि टोचावं लागतं. मिसोप्रोस्टॉलची गोळी उपकेंद्राच्या फडताळात राहते आणि पाण्याबरोबर गिळता येते. प्रश्न एवढाच होता की ती खेड्यात, एएनएम सिस्टरच्या हातून दिली तर उपयोग होतो का.

याच कॉलेजचे डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि अमेरिकेचे डॉ. रिचर्ड डर्मन यांच्या गटाने 2002 ते 2005 या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भागात 1620 बाळंतिणींवर ही चाचणी घेतली. निम्म्यांना 600 मायक्रोग्रॅम गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधहीन गोळी. कोणाला कोणती, हे सिस्टरलाही माहीत नाही. रक्त मोजायचं कसं हा खरा पेच होता, कारण चादरीवरच्या डागावरून केलेला अंदाज हमखास कमी निघतो. त्यासाठी बाळंतिणीखाली अंथरायचं, खाली निमुळतं होत गेलेल्या मोजपट्टीच्या पिशवीचं प्लॅस्टिक वापरलं गेलं. या पिशवीशी ताडून पाहिल्यावर कळलं की नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी पडतो. 2006 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापला: 500 मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्तस्राव औषधहीन गटात 12 टक्के, गोळीच्या गटात 6.4 टक्के. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. निम्म्या बायकांना औषधहीन गोळी देणं रास्त होतं का, हा प्रश्न अशा चाचण्यांना विचारलाच पाहिजे. पण उत्तर जिल्ह्याच्या वाट्याला आलं, आणि जगाच्याही.

त्यानंतर रक्तप्रवाहाशी थेट संबंध असलेलं आणखी एक औषध इथे तपासलं गेलं. वारेतला रक्तपुरवठा सुधारून अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण टळतं का, यासाठी कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनची चाचणी सहा देशांतल्या 11,976 गर्भवतींवर झाली. भारतातली केंद्रं बेळगाव आणि नागपूर. 2020 मध्ये आलेला निकाल: 13.1 टक्क्यांवरून 11.6 टक्के. फरक थोडा वाटतो, पण तो बारा हजार बायका मोजून काढलेला आहे. स्वादुपिंडाच्या बहुतेक औषधांना असं मोजमाप कधी लाभलंच नाही. पन्नास-शंभर रोगी, एक इस्पितळ, आशादायक निष्कर्ष आणि पुढे शांतता, असाच त्यांचा प्रवास. ज्या थोड्यांना लाभलं त्यांतलं एक लेक्सिपाफंट. वाहिन्या झिरपवणाऱ्या एका रसायनाला अडवणारं हे ब्रिटिश औषध सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत चमकलं आणि 290 रोग्यांच्या चाचणीत 2001 मध्ये आपटलं.

मग उरलं खारट पाणी. त्याचाही प्रवास साधा नाही. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने पटकीच्या रोग्यांच्या रक्तातून पाणी आणि क्षार निघून जातात हे सांगितलं, आणि त्यावरून 1832 मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लॅटा यांनी पहिल्यांदा शिरेतून मीठपाणी दिलं. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि त्याने भारतात तारयंत्र उभारलं. कलकत्त्यातच लिओनार्ड रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पटकीवर जास्त क्षारांचं सलाइन वापरून मृत्यू बरेच खाली आणले. पण सलाइनने अंगात हुडहुडी भरायची, ताप चढायचा. पाणी उकळूनही त्यात मेलेल्या जीवाणूंचे अंश राहतात आणि ताप त्यांचाच असतो, हे फ्लोरेन्स सायबर्ट यांनी 1923 मध्ये दाखवलं. सिडनी रिंगर यांच्या क्षारद्रावणात अलेक्सिस हार्टमन यांनी 1932 मध्ये लॅक्टेट घातलं. तेच आज सिस्टर 'आरएल लावा' म्हणून मागतात.

स्वादुपिंडाच्या दाहात गेली कित्येक वर्षं नियम होता: भरपूर द्या, जलद द्या. 2022 मध्ये तोही तपासला गेला. स्पेनच्या एन्रिके दे-मादारिया यांच्या पुढाकाराने भारत, इटली, मेक्सिको आणि स्पेनमधल्या 18 इस्पितळांत 'वॉटरफॉल' नावाची चाचणी झाली. एका गटाला धडाक्याने आरएल, दुसऱ्याला बेताने. 744 रोगी घ्यायचे होते. 249 वर चाचणी थांबवावी लागली. जोरात पाणी दिलेल्यांपैकी 20.5 टक्क्यांच्या अंगात ते जास्त झालं, बेताने दिलेल्यांत 6.3 टक्क्यांच्या, आणि आजार कमी होण्यात जोरात देण्याचा काही फायदा दिसला नाही. आजचा शिरस्ता त्यावरूनच ठरला: आरएल, वजनाच्या दर किलोमागे ताशी दीड मिलिलिटर, कोरड पडलेली असेल तर सुरुवातीला थोडं अधिक, आणि दर काही तासांनी लघवी, नाडी, रक्ताचा घट्टपणा बघून कमीजास्त. केशवाहिन्या उघडणारं खास औषध आजही कोणत्याही मान्य उपचारपद्धतीत नाही.

याचा अर्थ असा नव्हे की गावातल्या खाटेवरची बाटली बरोबर होती. तिथे कोण लघवी मोजणार, कोण दर सहा तासांनी रक्त तपासणार? मोजमाप नसलेलं सलाइन या आजारात एकतर कमी पडतं नाहीतर फुप्फुसात भरतं, आणि दोन्हींत मोलाचा पहिला दिवस निघून जातो.

तो दिवस वाचवायची सोय आता आहे. मिरजेची गाडी पकडायची गरज नाही. निपाणीहून कोल्हापूर तासाभरावर, बेळगाव दीड तासावर, दोन्हीकडे मेडिकल कॉलेजं. कोणत्या राज्याच्या योजनेत बिल बसेल, हा घोळ मात्र सीमेवर कायम. 2023 मध्ये महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकने त्याला हरकत घेतली. त्या वादाचा निकाल लागेल तेव्हा लागो. वरच्या पोटातली कळ पाठीत जात असेल, माणूस उताणा झोपू शकत नसेल आणि उलट्या थांबत नसतील, तर जवळच्या दवाखान्यात दोन बाटल्या चढवून सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री गाडी काढा, कोल्हापूर जवळ पडत असेल तर कोल्हापूर, बेळगाव पडत असेल तर बेळगाव, आणि वाटेत बिडी पेटवू देऊ नका.